डॉ. विल्यम विदरिंग : पाल्याची मात्रा ठरविणारा वैद्य

बौद्ध वाङ्मयात जीवक वैद्याची एक कथा आहे. तक्षशिलेस विद्याभ्यास संपत आला असता गुरूने जीवकास सांगितले की, या नगरीभोवती एक योजनपर्यंत हिंडून जी वनस्पती औषधी नाही ती घेऊन ये. जीवक सर्वत्र हिंडला आणि रिक्तहस्ते परत आला. औषधी नाही अशी एकही वनस्पती त्यास आढळली नाही. गुरूने संतुष्ट होऊन त्याचा अभ्यास पुरा झाल्याचे सांगितले.

ही कथा मी चौतीस वर्षे वर्गात मोठ्या अभिमानाने सांगितली. परंतु सेवानिवृत्तीनंतर घरातच घडलेल्या एका प्रसंगाने मला तिच्या दुसऱ्या बाजूचा विचार करावयास लावले. प्रत्येक वनस्पती औषधी आहे हे खरे धरले, तरी ती कोणत्या रोगावर, तिचे कोणते अंग, कोणत्या ऋतूत तोडलेले, कशा रीतीने सिद्ध केलेले, किती प्रमाणात द्यावयाचे आणि केव्हा थांबवावयाचे, हे प्रश्न शिल्लकच राहतात. या प्रश्नांची उत्तरे एका विषारी पाल्याविषयी मिळविण्यासाठी ज्याने आपल्या आयुष्याची दहा वर्षे खर्च केली, अशा एका इंग्रज वैद्याचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहीत आहे. या पानांतून आपण बहुधा आपल्या ज्ञातीतील कर्त्या पुरुषांचे स्मरण करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याच्या परिश्रमाचे फळ आपल्याही घरातील रोग्याच्या उशाशी येऊन पोहोचले, तो परका कसा म्हणावा ?

विल्यम विदरिंग यांचा जन्म इ. स. १७४१ च्या मार्च महिन्यात इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील वेलिंग्टन या गावी झाला. वडील एडमंड विदरिंग हे अपॉथिकरी होते, म्हणजे रोग्यास तपासणे आणि औषधे तयार करून देणे ही दोन्ही कामे ते करीत. खल-बत्त्याचा आवाज विल्यम यांच्या कानांवर पाळण्यापासूनच पडला असला पाहिजे. १७६२ साली ते स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे वैद्यक शिकावयास गेले आणि १७६६ साली एम्. डी. ही पदवी घेऊन बाहेर पडले.

विद्यार्थिदशेतील त्यांची एक गोष्ट पालकांनी व शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेल्या या पुरुषाला कॉलेजात असताना वनस्पतिशास्त्राचा मनापासून कंटाळा होता. तेथील प्राध्यापकांनी त्या विषयासाठी सुवर्णपदक ठेवले होते, परंतु त्या पदकाचा मोहही ही नावड दूर करू शकला नाही, असे विदरिंग यांनी घरी पत्रातून कळविले होते. शिक्षणात नावडता ठरलेला विषय पुढे आयुष्याचा आधार होतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

ही नावड घालविली ती एका रुग्ण तरुणीने. १७६७ पासून विदरिंग स्टॅफर्ड या गावी व्यवसाय करू लागले. तेथे हेलेना कुक्स नावाची तरुणी त्यांच्या उपचाराखाली होती. तिला फुलांची चित्रे काढण्याचा छंद होता, परंतु बाहेर हिंडणे प्रकृतीस मानवत नव्हते. तेव्हा गावोगावच्या रोग्यांकडे घोड्यावरून जाता-येता डॉक्टर रानफुले खुडून आणू लागले. आणलेल्या फुलांची नावे सांगावी लागत, नावे सांगावयाची तर ग्रंथ पाहावे लागत. अशा रीतीने कंटाळ्याचा विषय आवडीचा झाला आणि १७७२ साली त्या दोघांचा विवाह झाला. पुढे १७७६ साली विदरिंग यांनी ब्रिटनमध्ये नैसर्गिकपणे उगवणाऱ्या वनस्पतींचे वर्गीकरण करणारा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्रजी भाषेत लिहिलेला तो ग्रंथ बराच काळ सामान्य अभ्यासकांच्या हाती राहिला.

१७७५ साली बर्मिंगहॅम येथील डॉ. स्मॉल हे वैद्य निवर्तले. त्यांची जागा घेण्याविषयी डॉ. इरॅस्मस डार्विन यांनी विदरिंग यांस सुचविले. हे डार्विन म्हणजे उत्क्रांतिवादाचे प्रवर्तक चार्ल्स डार्विन यांचे आजोबा. विदरिंग बर्मिंगहॅमला आले आणि थोड्याच काळात तेथील अग्रगण्य वैद्य झाले. वाफेच्या यंत्राचे जेम्स वॅट, कारखानदार मॅथ्यू बोल्टन, रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली, चिनी मातीच्या भांड्यांचे जोसाया वेजवुड अशा मंडळींची तेथे एक विद्वत्सभा भरत असे. सभा आटोपल्यावर चांदण्यात घरी परतता यावे म्हणून ती पौर्णिमेच्या सुमारास भरे. त्यावरून तिला चांद्रसभा असे नाव पडले होते. विदरिंग हेही तिचे सभासद झाले.

परंतु या सर्व मानमरातबापेक्षा मोठे असे जे काम त्यांच्या हातून व्हावयाचे होते, त्याचा आरंभ अगदी साध्या गोष्टीने झाला. त्याच १७७५ साली एका घरगुती औषधाविषयी त्यांचे मत विचारण्यात आले. श्रॉपशायरमधील एका वृद्ध बाईजवळ जलशोथावरचे एक गुप्त औषध होते. सर्वांगास सूज यावी, पाय दाबले असता खळगा पडावा, पोटात व छातीत पाणी साठावे आणि आडवे झाले की श्वास कोंडावा, असा हा रोग. आपल्याकडे अंगावर पाणी चढले असे म्हणतात तोच. पदवीधर वैद्यांनी हात टेकलेले काही रोगी या बाईच्या औषधाने बरे झाले होते. रोग्यास जोराच्या ओकाऱ्या व रेच होत आणि सूज ओसरे.

या औषधात वीस किंवा त्याहून अधिक वनस्पती होत्या. असे मिश्रण हाती आले असता दोन मार्ग सहज सुचतात. एक, अडाणी बाईचे खूळ म्हणून ते फेकून देणे. दुसरा, परंपरागत ज्ञान म्हणून ते जसेच्या तसे स्वीकारणे. विदरिंग यांनी तिसरा मार्ग धरला. त्यांनी त्या मिश्रणाची छाननी केली आणि वनस्पतींची ओळख असलेल्या त्यांच्या डोळ्यांना एकच वनस्पती खरी कार्य करणारी असावी असे दिसले. ती म्हणजे फॉक्सग्लव्ह. पत्नीसाठी खुडलेल्या फुलांचे ऋण असे फिटले.

त्या वृद्ध बाईचे नाव विदरिंग यांच्या ग्रंथात आढळत नाही. विसाव्या शतकात एका औषध कंपनीच्या जाहिरातीपासून मदर हटन हे नाव रूढ झाले, परंतु त्यास आधार नाही. ती बाई अनामिकच राहिली. तरी तिच्याजवळचे ज्ञान खरे होते आणि ते कोठून आले हे विदरिंग यांनी लपविले नाही, याची नोंद घेतली पाहिजे.

फॉक्सग्लव्ह या शब्दाचा अर्थ कोल्ह्याचा हातमोजा. हे झाड युरोपात रानोमाळ उगवते. पहिल्या वर्षी जमिनीलगत नुसत्या पानांचा घेर असतो. दुसऱ्या वर्षी मधून उंच दांडा निघतो आणि त्यावर जांभळी, घंटेसारखी फुले लोंबतात. आपल्या शेतातील तिळाचे फूल ज्यांनी पाहिले आहे त्यांनी ते बरेच मोठे व गडद रंगाचे कल्पावे. शिंप्याच्या अंगुस्तानासारखा आकार म्हणून १५४२ साली लिओनहार्ट फुक्स या जर्मन पंडिताने बोटाचा अर्थ असलेल्या लॅटिन शब्दावरून त्यास डिजिटॅलिस हे नाव दिले.

ही वनस्पती विषारी आहे हे विदरिंग यांच्या आधीही माहीत होते. १७४८ च्या सुमारास फ्रान्समधील ऑर्लिआँ येथील सालेर्न नावाच्या वैद्याच्या कानी आले की, दुसरा पाला समजून हा पाला खाऊ घातल्यामुळे टर्की पक्ष्यांची पिले दगावली. त्याने एका धडधाकट पक्ष्यास हाच पाला दिला. पक्षी झिंगल्यासारखा झाला, त्यास उभे राहवेना, परंतु चांगल्या आहाराने तो आठ दिवसांत सावरला. दुसऱ्या एका पक्ष्यास त्याने कोंड्यात पाला मिसळून अधिक दिवस दिला, तो खंगत जाऊन मेला. औषध माणसास देण्यापूर्वी प्राण्यांवर पारखण्याची रीत पुढे सर्वत्र आली, तिचे हे एक जुने उदाहरण होय. विदरिंग यांनी आपल्या ग्रंथात या प्रयोगाचा उल्लेख केला आहे.

आता विदरिंग यांच्यापुढे खरा पेच उभा राहिला. औषध आहे आणि तेच विष आहे. दोहोंमधील सीमा कोठे ? ती शोधावयाची तर कोणावर ?

ते रोज एक तास गोरगरिबांना फुकट तपासत असत. असे दोन ते तीन हजार गरीब रोगी वर्षभरात त्यांच्याकडे येत. फॉक्सग्लव्हची परीक्षा प्रथम या रोग्यांवर झाली. आज हे वाचताना आपले मन शंकित होते आणि तसे ते झाले पाहिजे. रोग्यास सर्व धोका समजावून सांगून त्याची लेखी संमती घेण्याचा नियम त्या काळी नव्हता. गरिबावर प्रयोग आणि श्रीमंतावर उपचार ही रीत विदरिंग यांनी निर्माण केली नाही, पण ती त्यांनी मोडलीही नाही. चरित्रनायकाचा हा दोष झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. त्याबरोबरच हेही सांगितले पाहिजे की, यांपैकी अनेकांचा रोग असा होता की त्यावर दुसरा उपायच शिल्लक नव्हता.

आरंभी विदरिंग चुकले. त्यांनी मात्रा फार मोठी दिली आणि ती फार दिवस चालू ठेवली, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले. त्या बाईच्या औषधाने रोग्यास भयंकर ओका�्या होत, म्हणून ओकाऱ्या हाच गुणाचा भाग असेल असा समज होणे साहजिक होते. हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की, पोट मुळीच न ढवळता, अगदी अल्प मात्रेनेही लघवी सुटते आणि सूज उतरते. ओकारी ही औषधाची खूण नसून विषाची खूण होती.

मात्रा ठरवावयाची तर मालही दर वेळी सारखाच हवा. येथे त्यांच्या पद्धतशीर बुद्धीची खरी कसोटी लागली. मुळाचा गुण ऋतूप्रमाणे फार बदलतो असे दिसल्यावरून त्यांनी पानांकडे लक्ष दिले. पानांतही फरक पडतो असे दिसले, म्हणून दुसऱ्या वर्षी दांडा वर येऊन फुले उमलू लागतात त्या सुमारास तोडलेलीच पाने घ्यावयाची असे ठरविले. प्रथम ते काढा देत. उकळण्याने गुणात फरक पडत असावा असे वाटून त्यांनी फांट दिला, म्हणजे उकळते पाणी ओतून नुसते भिजत ठेवावयाचे. शेवटी ते सुक्या पानांच्या चूर्णावर स्थिरावले. देठ व मधली शीर काढून टाकावयाची, पाने उन्हात किंवा विस्तवासमोर पत्र्यावर वाळवावयाची आणि घोटावयाची. मूळ वजनाच्या पाचव्या भागाहून काहीसे कमी असे सुंदर हिरवे चूर्ण मिळे. मोठ्या माणसास याचे एक ते तीन ग्रेन, म्हणजे सुमारे अर्ध्या ते दीड गुंजेएवढे चूर्ण, दिवसातून दोनदा पुरे होई.

किती द्यावे याइतकेच केव्हा थांबवावे हे महत्त्वाचे होते. त्यासाठी विदरिंग यांनी एक सोपा नियम घालून दिला. मूत्रपिंड, जठर, नाडी आणि आतडी या चौघांवर लक्ष ठेवावयाचे. लघवी वाढली, मळमळ सुरू झाली, नाडी मंदावली किंवा जुलाब झाले, यांपैकी कोणतीही एक खूण प्रथम दिसताच औषध बंद करावयाचे. मात्रा जास्त झाल्यास ओकाऱ्या, भोवळ, दृष्टीचा गोंधळ, पदार्थ हिरवे किंवा पिवळे दिसणे, नाडी मिनिटास पस्तीसपर्यंत उतरणे, थंड घाम, झटके, मूर्च्छा आणि मृत्यू अशी लक्षणे त्यांनी क्रमवार नोंदविली. सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतरही डॉक्टर याच खुणा शोधतात.

त्यांच्या वहीतील दोन प्रसंग सांगण्याजोगे आहेत. १७७६ च्या जुलै महिन्यात डॉ. डार्विन यांच्या उपचाराखालील एका स्त्रीस पाहण्यासाठी त्यांस बोलावणे आले. तिची नाडी अतिशय क्षीण व अनियमित होती, हात शिशासारखे काळवंडून गार पडले होते आणि तिला अंथरुणावर आडवे होता येत नव्हते. विदरिंग यांनी फॉक्सग्लव्हचा काढा सुचविला. तिला ओकाऱ्या झाल्या, परंतु पहिल्या चोवीस तासांत आठ क्वार्टहून अधिक, म्हणजे सुमारे नऊ लिटर लघवी झाली. छातीवरचे दडपण उतरले, श्वास मोकळा झाला, नाडी भरली आणि पायांची सूज ओसरली.

दुसरा प्रसंग याच्या उलट आहे. यॉर्कशायरच्या एका फिरत्या व्यापाऱ्याकडे त्यांस बोलावण्यात आले. तो एकसारखा ओकत होता, त्यास नीट दिसत नव्हते, नाडी मिनिटास चाळीस होती. चौकशी करता कळले की, त्याचा दमा बरा व्हावा म्हणून त्याच्या पत्नीने मूठभर हिरवी पाने थोड्या पाण्यात शिजवली होती आणि ते पाणी त्याने एका घोटात पिऊन टाकले होते. तो मरता मरता वाचला. त्या साध्वीस आपल्या मुलखातील औषध ठाऊक होते, त्याची मात्रा ठाऊक नव्हती, असा अभिप्राय विदरिंग यांनी नोंदविला आहे. मला विचाराल तर त्यांच्या सर्व कार्याचे सार याच अभिप्रायात आहे.

दहा वर्षे हे काम चालले. दरम्यान फॉक्सग्लव्हची कीर्ती पसरू लागली. १७८३ साली एडिंबरोच्या अधिकृत औषधिकोशात तिचा समावेश झाला आणि लोक मनास येईल त्या मात्रेत ती देऊ लागले. विदरिंग यांस भय वाटले ते असे की, अज्ञानाने रोगी दगावतील आणि मग हे औषध धोक्याचे व हाताबाहेरचे म्हणून कायमचे टाकून देण्यात येईल. वास्तविक आणखी निरीक्षण करून मगच लिहावे असे त्यांच्या मनात होते. परंतु आता गप्प बसणे योग्य नव्हे असे ठरवून १७८५ साली बर्मिंगहॅम येथे त्यांनी फॉक्सग्लव्हविषयीचा आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला.

या ग्रंथाचे मोठेपण त्यात सांगितलेल्या यशात नाही. त्यात त्यांनी आपल्या एकशे साठांहून अधिक रोग्यांच्या हकीकती दिल्या आणि त्या देताना निवड केली नाही. बरे झालेले, न झालेले, मात्रा चुकल्यामुळे हाल झालेले, मेलेले, सर्व दिले. केवळ निवडक यशस्वी रोगी दाखविले असते तर औषधाची व आपलीही वाहवा झाली असती, हे त्यांस चांगले कळत होते. पण सत्यास ते मानवले नसते, अशी त्यांची भूमिका होती. या प्रामाणिकपणाचा फायदाही झाला. सर्व हकीकती समोर असल्यामुळे औषध कोणास लागू पडते आणि कोणास नाही, हे उमजले. फिकट चेहरा, निळसर ओठ, थंड त्वचा आणि क्षीण, अडखळणारी नाडी असलेल्यांस गुण येई. धट्टेकट्टे, लाल चेहऱ्याचे, ताठ नाडीचे जे रोगी, त्यांस सहसा येत नसे. स्त्रियांच्या बीजकोशातील गाठीमुळे पोटात साठलेल्या पाण्यावरही तिचा इलाज चालला नाही. अपयशाची नोंद ठेवली नसती तर हा भेद कधीच कळला नसता.

विदरिंग यांस सर्व काही कळले होते असे मात्र नाही. हृदयाच्या गतीवर या वनस्पतीचा जेवढा प्रभाव पडतो तेवढा दुसऱ्या कोणत्याही औषधाचा पडत नाही, हे त्यांनी लिहिले. तरी मुख्यतः ते तिला लघवी सुटण्याचे औषध समजत राहिले. दुबळे हृदय हेच पुष्कळ रोग्यांच्या सुजेचे मूळ आहे, हा संबंध पुढील पिढ्यांनी उलगडला.

या यशाला एक कडवट किनारही लागली. डॉ. डार्विन यांचा चार्ल्स नावाचा मुलगा एडिंबरोस वैद्यक शिकत असता १७७८ साली वारला. १७८० साली पित्याने मुलाचा प्रबंध छापला आणि त्यास फॉक्सग्लव्हच्या काही रोग्यांच्या हकीकती जोडल्या. जिच्याविषयी वर सांगितले त्या स्त्रीची हकीकत त्यात होती, पण विदरिंग यांचे नाव नव्हते. १७८५ च्या आरंभी डार्विन यांनी याच विषयावर लंडनच्या वैद्यसभेपुढे निबंधही सादर केला. ज्यांनी हाताला धरून बर्मिंगहॅमला आणले, त्यांच्याशीच पुढे उघड वैर झाले. विद्वानांनाही मानापमानाचा विकार सुटत नाही, हे आपण आपल्या संस्थांतूनही पाहतोच.

विदरिंग यांची जिज्ञासा वैद्यकापुरती नव्हती. एका जड खनिजाचे त्यांनी पृथक्करण केले. ते बेरियमचे कार्बोनेट असून आज विदराइट या नावाने ओळखले जाते. १७८५ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. १७९१ च्या जुलै महिन्यात बर्मिंगहॅमला मोठी दंगल होऊन प्रीस्टली यांचे घर व प्रयोगशाळा जाळण्यात आली. दंगेखोर विदरिंग राहत असलेल्या एजबॅस्टन हॉलपर्यंत येऊन धडकले, पण ते घर वाचले. मात्र त्यांचे शरीर वाचावयाचे नव्हते. फुप्फुसांच्या विकाराने ते वर्षानुवर्षे पीडित होते. ऊबदार हवेसाठी त्यांनी दोन हिवाळे पोर्तुगालमध्ये काढले. तेथेही स्वस्थ न बसता काल्दास या गावच्या उष्ण झऱ्यांच्या पाण्याचे त्यांनी पृथक्करण केले. इतरांचा श्वास मोकळा करणाऱ्या या वैद्याच्या स्वतःच्या श्वासावर मात्र त्यांच्या पाल्याचा उपाय नव्हता. ६ ऑक्टोबर १७९९ रोजी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. एजबॅस्टनच्या जुन्या चर्चमध्ये त्यांचे स्मारक असून त्यावर फॉक्सग्लव्ह कोरलेली आहे.

माणूस गेला, पण परीक्षा थांबली नाही. १८७५ साली जर्मनीत श्मीडेबर्ग यांनी या पानांतून डिजिटॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळे काढले. विसाव्या शतकाच्या आरंभी पानांचे सामर्थ्य बेडूक, मांजर, कबूतर अशा प्राण्यांवर मोजून ठरविण्यात येऊ लागले, कारण एका शेतातील पान दुसऱ्या शेतातील पानासारखे नसते, ही विदरिंग यांची अडचण तशीच होती. १९३० साली सिडनी स्मिथ यांनी याच कुळातील लोकरी पानांच्या जातीपासून डिगॉक्सिन मिळविले आणि पानाऐवजी मोजून-मापून केलेली गोळी आली. हृदयाच्या पेशीतून सोडियम बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेस हे द्रव्य अडवते, त्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढते आणि स्नायूचे आकुंचन जोरकस होते, हेही कळले. १९९७ साली ६,८०० रोग्यांवरील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हृदय दुबळे झालेल्या या रोग्यांचे एकंदर मृत्यू डिगॉक्सिनमुळे कमी झाले नाहीत, परंतु रोग बळावून रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग कमी झाले. दोनशे वर्षे नावाजलेल्या औषधाविषयी असा अर्धा जय आणि अर्धा पराजय मोकळेपणाने जाहीर होणे, हा विदरिंग यांच्याच परंपरेचा विजय होय.

आता ज्या घरगुती प्रसंगाचा आरंभी उल्लेख केला तो सांगतो. माझी थोरली आत्या शेवटची काही वर्षे आमच्याकडे होती. तिचे हृदय दुबळे झाले होते. डॉक्टरांनी अनेक गोळ्यांबरोबर डिगॉक्सिनची लहानशी पांढरी गोळी दिली होती, तीही आठवड्यातून पाच दिवस, दोन दिवस सुटी. शाळेसारखीच सुटी, म्हणून ती हसत असे. एकदा पाय अधिक सुजले तेव्हा तिने कोणास न विचारता सुटीच्या दिवशीही गोळी घेतली, आणि पुढे काही दिवस दोन-दोन घेतल्या. तिचे अन्नावरचे मन उडाले, ओकाऱ्या सुरू झाल्या. आम्ही अपचन समजून ओवा देत बसलो. डॉक्टर आले, त्यांनी नाडीवर बोट ठेवले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा की, आजी, भिंत पिवळी दिसते का ? आत्या म्हणाली, दोन दिवस सगळेच हळदीने माखल्यासारखे दिसते आहे. आम्ही घरातल्या कोणी तिला हे विचारलेच नव्हते. रुग्णालयात नेल्यावर ती वाचली. तो प्रश्न डॉक्टरांस कोठून सुचला, हे शोधता शोधता मी विदरिंग यांच्यापर्यंत पोहोचलो.

फॉक्सग्लव्ह आपल्या रानात उगवत नाही. परंतु देवळाच्या आवारातील कण्हेर आणि कुंपणाची पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, यांतही हृदयावर तशाच रीतीने कार्य करणारी विषे आहेत. श्रीलंकेत बिट्टीच्या बियांनी विषबाधा झालेल्या रोग्यांस डिगॉक्सिनवरचाच उतारा उपयोगी पडल्याचे चाचणीत दिसून आले आहे. म्हणजे एकाच प्रकारच्या सामर्थ्याची झाडे आपल्याही अंगणात उभी आहेत. झाडपाला आहे, म्हणून अपाय नाही, हे वाक्य आपल्या घराघरांतून किती सहज उच्चारले जाते ! ज्या पाल्यात गुण करण्याचे सामर्थ्य आहे, त्यात अपाय करण्याचेही असणार.

आजीबाईच्या बटव्याचा उपहास मला करावयाचा नाही. विदरिंग यांनीही तो केला नाही. श्रॉपशायरच्या त्या अनाम बाईचा बटवा नसता तर त्यांच्या हाती काहीच आले नसते. आपल्या ज्ञातीतही कित्येक घरांत जुन्या वह्या आहेत, त्यांत काढे व चूर्णे लिहिलेली आहेत. त्या जपून ठेवा, जाणत्यांस दाखवा, त्यांची परीक्षा होऊ द्या. परंतु परीक्षा होईपर्यंत त्यांतील कोणतेही औषध मनाने घेऊ अगर देऊ नका. डॉक्टरांकडे जाताना घरगुती काढा घेत असल्यास तोही सांगा, लपवू नका. ज्यांच्याजवळ गुण आल्याच्या गोष्टी आहेत, त्यांनी गुण न आल्याच्याही तितक्याच प्रामाणिकपणे लिहून ठेवाव्यात.

जीवकास निरुपयोगी वनस्पती सापडली नाही. विदरिंग यांस निरुपद्रवी औषध सापडले नाही. या दोन्ही गोष्टी आपल्या मुलांस एकत्रच शिकविल्या पाहिजेत, असे या वृद्ध शिक्षकास वाटते.